धूर बाहेर काढा, माणूस नव्हे

पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीच्या सोसायटीने गेल्या महिन्यात मला सभेला बोलावले होते. विषयपत्रिकेवर पाण्याचे बिल, लिफ्टची दुरुस्ती, जयंतीची वर्गणी असे नेहमीचेच विषय होते. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले आणि पाचव्या मजल्यावरच्या एक ताई उभ्या राहिल्या. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे. संडासाच्या डक्टमधून आणि दाराखालच्या फटीतून विडीचा धूर त्यांच्या घरात शिरतो आणि पोरगा रात्री दोनला उठून पंप तोंडाला लावतो. ताई म्हणाल्या, "खिडकी उघडली तर समोरच्या बिल्डिंगचा संडास, बंद केली तर विडीचा धूर. वकीलसाहेब, श्वास घ्यायचा कुठून?"

त्यांच्या खालच्या मजल्यावरचे काका तिथेच बसले होते. गोदीत हमाली करून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ. तेही उठले. "चाळीस वर्षं झोपडीत काढली, तेव्हा या चार भिंती मिळाल्या. आता या भिंतींच्या आत मी काय ओढायचं हेपण कमिटी सांगणार?" सभेत गलका झाला. कुणी पंचशीलातल्या पाचव्या शीलाची आठवण करून दिली, कुणी सिगारेटवाल्या पोरांची नावे घेतली. सेक्रेटरींनी तर तोडगाच काढला, "जो ओढेल त्याचं पाणी तोडू. वकीलसाहेब, तुम्ही फक्त नोटीस नीट भाषेत लिहून द्या."

ती नोटीस मी लिहून दिली नाही. मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे वाचले आणि जो विचार केला तो समाजापुढे मांडतो आहे, कारण हा प्रश्न एका इमारतीचा नाही. आपली वस्ती आडवी होती, ती आता उभी होत चालली आहे. आडव्या वस्तीत गटार तुंबायचे, उभ्या वस्तीत हवा तुंबते.

पाचव्या शीलाचा मुद्दा आधी बाजूला ठेवतो. तंबाखू त्यात मोडते की नाही हे भन्तेजींनी सांगावे. त्या इमारतीत बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, मातंग आणि मराठा कुटुंबेही आहेत. सर्वांच्या जिन्याचा नियम एका धर्माच्या शीलावर उभा करता येणार नाही. तो उभा करायचा तर ताईंच्या मुलाच्या फुप्फुसावर करावा लागेल.

त्या फुप्फुसाबद्दल विज्ञान काय म्हणते यात आता वाद राहिलेला नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ सालच्या अहवालात स्पष्ट केले की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नसते. ओढणारा आणि न ओढणारा यांच्या खोल्या वेगळ्या केल्या, पंखे लावले, हवा खेळती ठेवली, तरी एकाच इमारतीत धुरापासून पूर्ण बचाव होत नाही. उबदार हवा वर चढते. ती डक्टमधून, पाइपभोवतीच्या भोकांतून, विजेच्या वायरी जिथून जातात त्या फटींतून वरच्या घरात जाते. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात तेव्हा तर इमारत म्हणजे एक चिमणीच. म्हणजे काकांचा "माझ्या चार भिंती" हा मुद्दा भावनेने कितीही खरा असला तरी धुराला तो मान्य नाही.

सरकारी आणि स्वस्त घरांत हा प्रश्न कुणी कायद्याने हाताळला आहे काय, याचा शोध घेताना सर्वांत मोठे उदाहरण मिळाले ते अमेरिकेचे. तिथे केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी आणि स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांच्या मालकीची भाड्याची घरे आहेत. त्यांना 'पब्लिक हाउसिंग' म्हणतात. तिथे गरीब राहतात आणि लोकसंख्येतल्या वाट्याच्या मानाने कृष्णवर्णीय कितीतरी जास्त राहतात. या घरांचे खाते सांभाळणाऱ्या गृहनिर्माण व नगरविकास विभागाने, म्हणजे 'हड'ने, २००९ पासून प्राधिकरणांना धूरमुक्तीचा आग्रह धरला. बोस्टनसारख्या शहराने २०१२ सालीच तो अमलात आणला. सहाशेहून अधिक प्राधिकरणांनी आपणहून पाऊल उचलल्यानंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, ओबामा सरकार जाता जाता, सचिव हुलियन कास्ट्रो यांच्या काळात देशभरासाठी नियम निघाला. ३० जुलै २०१८ ही अंमलबजावणीची शेवटची तारीख होती.

नियम असा : पेटवलेली सिगारेट, सिगार, पाइप, हुक्का घराच्या आत चालणार नाही, जिन्यात आणि कार्यालयात चालणार नाही, इमारतीपासून पंचवीस फुटांच्या आतही चालणार नाही. ई-सिगारेट आणि चघळायची तंबाखू यातून वगळली. सुमारे नऊ लाख चाळीस हजार घरे आणि त्यांत राहणारी वीस लाखांवर माणसे, त्यांत साडेसात लाखांहून अधिक मुले, या नियमाखाली आली. सरकारने वर्षाला पंधरा कोटी डॉलरहून अधिक बचतीचा हिशेब मांडला. दवाखान्याचा खर्च, धुराने काळवंडलेल्या घरांची रंगसफेदी आणि सिगारेटने लागणाऱ्या आगी असा तो हिशेब होता.

हे वाचून आपल्यातला कुणीही सुधारक टाळ्या वाजवील. मीही वाजवल्या असत्या. पण वकिलाची सवय वाईट. नियम वाचला की तो मोडल्यावर काय होते, तिकडे नजर जाते. इथे नियम मोडणे हा गुन्हा नव्हता, तो भाडेकराराचा भंग होता. नियमाचे कलम प्रत्येक भाडेकरूच्या करारात घातले गेले. आणि भाडेकराराच्या भंगाची शेवटची पायरी कोणती असते हे कोर्टात पाय ठेवणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. 'हड'ने प्राधिकरणांना समजावले की एका सिगारेटसाठी कुणाला बाहेर काढू नका, आधी समज द्या, मग लेखी समज द्या, सोडण्यासाठी मदत करा. चांगलेच केले. पण समजावणे वेगळे आणि बांधून घेणे वेगळे. घराबाहेर काढण्याचे हत्यार म्यानात ठेवा असे सांगितले, हत्यार काढून घेतले नाही.

तिथल्या भाडेकरूंना या हत्याराची धार ठाऊक होती. १९८८ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सरकारी घरांच्या करारात एक कलम घातले गेले होते : भाडेकरू, त्याच्या घरातले कुणी किंवा त्याचा पाहुणा अमली पदार्थाच्या भानगडीत सापडला तर घर जाईल. १९९६ नंतर क्लिंटन सरकारने ते 'एक चूक की बाहेर' या नावाने जोरात राबवले. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये पर्ली रकर या त्रेसष्ट वर्षांच्या बाईंवर आणि आणखी काही वृद्धांवर घर खाली करण्याचे दावे झाले. चूक कुणाची, तर मुलीची, नातवाची, कामाला ठेवलेल्या मदतनिसाची. आम्हाला काही ठाऊकच नव्हते, असे या वृद्धांचे म्हणणे. २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की ठाऊक असो वा नसो, कायद्याने घर काढून घेता येते. हे ओकलंड कोणते? १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष जिथे जन्मला तेच. ज्या नावाची ठिणगी १९७२ साली मुंबईत दलित पँथर होऊन पेटली, त्या नावाचे गाव. तिथल्या म्हाताऱ्या बाईला न केलेल्या गुन्ह्यासाठी घराची भीती घालता येत असेल, तर केलेल्या सिगारेटसाठी का नाही, असा प्रश्न तिथल्या वस्तीला पडला तर तो खुळेपणा म्हणता येणार नाही.

धूम्रपान करणाऱ्यांच्या बाजूच्या एका संघटनेने हा नियम कोर्टात नेला. घराच्या आत सरकारने डोकावू नये, हा त्यांचा एक मुद्दा. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम उचलून धरला. माझ्या मते निकाल बरोबर आहे. शेजाऱ्याच्या घरात धूर सोडण्याचा मूलभूत हक्क जगात कोणत्याही घटनेने दिलेला नाही. पण कायद्याने बरोबर असलेली गोष्ट राबवणाऱ्याच्या हातात आली की काय होते, तो वेगळा भाग आहे, आणि त्याला न्यूयॉर्क साक्षी आहे.

न्यूयॉर्क शहराचे गृहनिर्माण प्राधिकरण त्या देशातले सर्वांत मोठे. २०१८ च्या सुमारास जवळपास चार लाख माणसे त्याच्या घरांत राहत होती. धूरबंदीच्या अगोदरचा हिवाळा, म्हणजे २०१७-१८ चा, घ्या. त्या हिवाळ्यात या घरांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांना कधी ना कधी गरम पाणी वा घर गरम ठेवणारी यंत्रणा यांवाचून राहावे लागले. बाहेर बर्फ आणि आत बंद पडलेला बॉयलर. त्याआधी २०१७ च्या नोव्हेंबरात शहराच्या तपास विभागाने उघड केले होते की भिंतींवरच्या विषारी शिसेयुक्त रंगाची तपासणी न करताच प्राधिकरणाने ती केल्याची खोटी प्रमाणपत्रे दिली. जून २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या वकिलांनी त्याबद्दल दावा दाखल केला. भिंतीवरची बुरशी, बंद लिफ्ट, उंदीर हे सारे त्या दाव्यात होते. जानेवारी २०१९ मध्ये या प्राधिकरणावर केंद्राची देखरेख बसली. आणि या दाव्याला दोन महिने होत नाहीत तोच, ३० जुलै २०१८ ला, त्याच प्राधिकरणाने त्याच भिंतींवर 'धूम्रपानास सक्त मनाई'च्या पाट्या लावल्या. ज्याने मुलांच्या शरीरात शिसे जाऊ दिले आणि त्यावर खोटे लिहिले, तो मालक आजीला सांगतो की तुझ्या सिगारेटने मुलांची तब्येत बिघडते. आजीने त्याचे का ऐकावे?

तिने ऐकले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी बंदीनंतर वर्षभर या इमारतींतली हवा मोजली. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की जिन्यातल्या आणि घरांतल्या हवेतले निकोटीन लक्षणीय म्हणावे इतके कमी झालेच नाही. पाटी लागली आणि धूर होता तिथेच राहिला. कारण उघड आहे. चौदाव्या मजल्यावरच्या गुडघे गेलेल्या माणसाने जानेवारीच्या बर्फात लिफ्ट बंद असताना खाली उतरून पंचवीस फूट दूर जाऊन ओढावे, अशी व्यवस्था कागदावरच चालते. बाहेर बसायची जागा करून देणे प्राधिकरणांच्या मर्जीवर सोडले होते.

या नियमाची आणखी एक गंमत सांगतो. सरकार ज्यांना खासगी मालकाच्या घराचे भाडे भरायला मदत करते, त्यांची संख्या या घरांतल्या लोकांपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्यांना हा नियम लागू नाही. कारण तिथे घरमालक खासगी आहे, त्याच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. आणि सिगारेट बनवणारा? मेंथॉलच्या सिगारेटी कंपन्यांनी दशकानुदशके कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत ठरवून खपवल्या. त्यांवर बंदी घालायचा प्रस्ताव तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये मांडला. तो रखडला, रखडला आणि जानेवारी २०२५ मध्ये नवे सरकार येताच मागे घेतला गेला. बनवणाऱ्याला मोकळीक, घरमालकाला मोकळीक, बंदी फक्त सरकारी घरातल्या गरिबाला. कायद्याला वर चढताना धाप लागते, उतारावर मात्र तो धावत सुटतो. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता आपल्याकडे या. २००१ साली मुरली देवरा यांच्या याचिकेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ चा आधार घेऊन सांगितले की न ओढणाऱ्याला दुसऱ्याचा धूर सक्तीने घ्यायला लावता येणार नाही, आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम आले, दोनशे रुपये दंड आला. पण हा कायदा 'सार्वजनिक ठिकाणा'पुरता. त्याच्या यादीत दवाखाना आहे, कोर्ट आहे, हॉटेल आहे, कचेरी आहे. राहत्या इमारतीचा जिना त्या यादीत नाव घेऊन नाही. जिथे लोकांचा वावर आहे ती जागा, या व्याख्येत जिना बसवण्याचा युक्तिवाद मी करू शकतो, पण तो युक्तिवादच. घराच्या आत तर हा कायदा पाऊलच टाकत नाही. आणि दुसऱ्याचा धूर घराबाहेरच मिळतो असे नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात शंभरातल्या जवळपास एकोणचाळीस प्रौढांनी घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असे सांगितले. त्याच सर्वेक्षणात धूम्रपान करणारे पुरुष १९ टक्के आणि स्त्रिया २ टक्के. म्हणजे ओढतो कोण आणि खोकतो कोण, हे वेगळे सांगायला नको. त्या सभेतही उठल्या त्या ताईच.

मग अमेरिकेसारखा नियम इथे आणावा काय? आधी आपल्या घरांकडे पाहा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली आले तेव्हा घर होते २२५ चौरस फुटांचे. पुढे ते २६९ झाले, मग ३०० झाले. खोली वाढली, पण दोन इमारतींमधले अंतर वाढले नाही. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंडमध्ये इमारती एकमेकींपासून तीन-तीन मीटरवर उभ्या केल्या. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ च्या सुमारास या वसाहतींचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की जिथे ऊन आणि हवा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आहे. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो हेही तितकेच खरे. पण खालच्या मजल्यावरच्या क्षयाला विडी एकटी जबाबदार धरून नकाशा मंजूर करणाऱ्याला सोडायचे, हे होता कामा नये.

माहुल तर आपल्याला पाठच आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांच्या इमारती उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले, तरी पाइपलाइनलगतच्या झोपड्या तोडून माणसे तिथेच पाठवत राहिले. अखेर २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की लोकांना माहुलला जायची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर द्या नाहीतर भाडे द्या. अशा ठिकाणी पालिकेने 'धूरमुक्त इमारत' असा फलक लावला तर रहिवासी हसतील. न्यूयॉर्कच्या आजीसारखेच हसतील.

उलट टोकाचे उदाहरण सोलापूरचे. कुंभारी येथे विडी वळणाऱ्या बायकांनी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लढून गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचा ताबा दिला गेला. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली आणि तिच्या पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी केले. या घरांत तंबाखू पेटत नसेल, पण सुपात असते, उंबऱ्यावर असते, बाळाच्या झोळीशेजारी असते. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईच्या छातीत धूर न ओढता तंबाखूची धूळ जाते. धूरबंदीची पाटी तिच्या दाराला लावून काय होणार? आणि महाराष्ट्रात मुळात ओढणारे थोडे आहेत. त्याच सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत, आणि तंबाखू चघळणारे, मशेरी लावणारे, खर्रा खाणारे चोवीस टक्क्यांवर. म्हणून अमेरिकेच्या नियमाची नक्कल करून आपला तंबाखूचा प्रश्न सुटेल असे कुणी समजू नये. दाढेतली तंबाखू शेजाऱ्याच्या फुप्फुसात जात नाही. तिची लढाई वेगळी आहे आणि ती जास्त मोठी आहे.

तरीही, हे सगळे मान्य करूनही, पाचव्या मजल्यावरचा पोरगा रात्री दोनला उठून बसतोच. माहुलचा न्याय मिळेपर्यंत, इमारतींमधले अंतर वाढेपर्यंत त्याने श्वास रोखून धरावा असे मी त्याच्या आईला सांगू शकत नाही. आपल्या चळवळीत एक खोड आहे. मोठा शत्रू दाखवला की जवळच्या चुकीला सूट मिळते. भांडवलदार विडी बनवतो, सरकारच्या आयुर्विमा महामंडळाकडे सिगारेट कंपनीचे मोठे भागभांडवल आहे, हे सगळे खरे. पण त्या भागभांडवलाचा धूर डक्टमधून येत नाही, काकांच्या विडीचा येतो. परळच्या डबक चाळीत एका खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास उरकणारा भीमराव रात्री दोनला उठून दिव्याखाली वाचायला बसायचा. आपले मूल रात्री दोनला उठते ते वाचण्यासाठी नाही, पंप शोधण्यासाठी. ही गोष्ट आपल्याला लागली पाहिजे.

म्हणून माझे मत : राहत्या इमारती धूरमुक्त व्हाव्यात, घराच्या आतसुद्धा, आणि तो ठराव रहिवाशांनी स्वतः करावा. पण घर ही त्याची शिक्षा असता कामा नये. कुठल्याच पायरीवर.

याला कायदेशीर कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या चमेली सिंग खटल्याचा १९९६ साली नोंदला गेलेला निकाल आठवा. उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी जमीन संपादन झाले, त्याला जमीनमालकांनी आव्हान दिले. न्यायालयाने संपादन उचलून धरले आणि सांगितले की निवारा म्हणजे नुसते डोक्यावरचे छप्पर नव्हे, त्यात पुरेशी जागा, उजेड, शुद्ध हवा, पाणी हे सगळे येते. म्हणजे ताईंची शुद्ध हवा आणि काकांचे छप्पर हे दोन वेगळे हक्क नाहीत, एकाच हक्काचे दोन भाग आहेत. एक भाग तोडून दुसरा वाचवता येत नाही. पाणी तोडण्याची सेक्रेटरींची नोटीस मी लिहिली असती तर ती पहिल्याच तारखेला पडली असती, आणि पडायलाच हवी होती.

दुसरे कारण आपल्या अनुभवाचे आहे. सोसायटीच्या उपविधींची ताकद आपण जाणतो. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. मांसाहारी नको, अमुक आडनाव नको, असे तोंडी सांगून आपल्याला दारातून परत पाठवणाऱ्या सोसायट्या या शहरात किती आहेत, ते भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या कुठल्याही नोकरदार पोराला विचारा. आज धुराच्या नावाने घर काढून घेण्याचा पायंडा आपण आपल्या इमारतीत पाडला, तर उद्या तो दुसऱ्याच्या इमारतीत आपल्याविरुद्ध वापरला जाईल. सुक्या बोंबलाचा वासही मग 'उपद्रव' ठरेल.

सर्वांत जास्त सावध राहावे लागेल ते पालिकेच्या सफाई कामगार वसाहतींत. तिथले घर नोकरीशी बांधलेले, मालकीचे नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०५ ब खाली घराच्या अटींचा भंग हे घर खाली करून घेण्याचे कारण होऊ शकते. उद्या कुण्या उत्साही अधिकाऱ्याने धूरबंदी ही ताबापत्राची अट केली, तर ते थेट अमेरिकेचे भाडेकरारातले कलमच होईल, आणि बाहेर काढला जाईल तो गटारात उतरणारा माणूस, ज्याच्या हातात विडी कुठल्या वासामुळे आली हे अधिकाऱ्याला कधी विचारावेसेही वाटले नसेल. कामगार संघटनांनी अशी अट दिसली की तिथल्या तिथे हरकत घ्यावी.

वरळीच्या बीडीडी चाळींत आज चांगली संधी आहे. १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून पिढ्या गेल्या, १९७४ ची दंगल त्या चाळींनी सोसली. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही इमारती उभ्या राहत आहेत. चाळीत विडी ओढणारा माणूस गॅलरीत येऊन उभा राहायचा, धूर मोकळ्या हवेत जायचा. टॉवरमध्ये ती गॅलरी नाही, बंद पॅसेज आहे. नव्या सोसायट्या स्थापन होत आहेत, सवयी अजून बसायच्या आहेत. पहिल्याच सर्वसाधारण सभेत जिना, लिफ्ट आणि पॅसेज धूरमुक्त ठरवणे सोपे जाईल. दहा वर्षांनी भांडण पेटल्यावर ते सोपे राहणार नाही.

त्या इमारतीसाठी मी नोटीशीऐवजी ठरावाचा मसुदा लिहिला. जिना, लिफ्ट, पॅसेज आणि डक्टलगतच्या खिडक्या आजपासून धूरमुक्त. घराच्या आतला नियम सहा महिन्यांनी, आणि तोही सभेने पुन्हा मत घेतल्यावर. तक्रार ऐकायला तिघांची समिती, त्यांत दोन बायका. समितीने कुणाच्या घरात शिरायचे नाही. दंड पन्नास रुपयांच्या वर नाही, आणि तो डक्टच्या साफसफाईसाठीच. पाणी, वीज, लिफ्ट, सभासदत्व यांना हात लावायचा नाही, हे वेगळ्या ओळीत, ठळक. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याचा मोफत दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ जिन्यात रंगवायचा. पाकिटावरही तो छापलेला असतो, पण तिथे वाचतो कोण? ठरावासोबत प्राधिकरणाला आणि विकासकाला अर्ज : डक्टच्या फटी बुजवा, बंद पडलेले एक्झॉस्ट चालू करा, दोन इमारतींमधला राडारोडा उचला. त्या अर्जावर पहिली सही ताईंची आणि दुसरी काकांची असावी, असे मी सुचवले.

गेल्या रविवारी मसुदा सभेपुढे वाचला. सेक्रेटरींना दंड कमी वाटला. ताईंना सहा महिने जास्त वाटले, आणि त्यांचे म्हणणे मला पटलेही, पण तेवढ्यावर बहुमत होत नव्हते. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खाली जाऊन ओढीन मी. पण पावसात उभा कुठे राहू ते लिहा की त्यात." गेटजवळ, खिडक्यांपासून दूर, पत्र्याची शेड आणि एक बाकडे, असा मुद्दा ठरावात वाढवला. खर्च किती येईल ते विचारायला दोघेजण वेल्डरकडे गेले आहेत.